चौदा प्रश्न

थोरलीचं भरतकामाचं दुकान तळमजल्यावर आणि धाकटीचं घर त्याच्या वर. दोघी सख्ख्या जावा. दुकानात सहा सुयांचं एक यंत्र होतं, दुसऱ्या कुणीतरी वापरून विकलेलं. टोप्या, टॉवेल, कामगारांचे डगले असं काही आलं की त्यावर नावं आणि चिन्हं भरून द्यायची. यंत्र धडधाकट होतं, पण चित्राचे टाके करून देणारं जे सॉफ्टवेअर त्याच्याबरोबर आलं होतं, ते बनवणारी कंपनीच गाशा गुंडाळून गेली. एक दिवस थोरली हातात कुठल्याशा दुकानाचं चिन्ह घेऊन जिना चढून वर आली.

“तू दिवसभर त्या कम्प्युटरशी बोलत असतेस ना? मग माझं एवढं काम सांग त्याला.”

धाकटी प्रोग्रामर होती. तिने सुट्टीच्या दिवसांत बसून एक छोटा प्रोग्राम लिहिला. चित्र द्यायचं, तो त्याचे टाके आखून देणार. नावही तिने ‘टाका’ असंच ठेवलं. थोरलीचं काम भागलं. मग धाकटीने तो प्रोग्राम इंटरनेटवर उघडा करून टाकला. कुणीही घ्यावा, वापरावा, आतला कोड वाचावा, सुधारावा आणि सुधारणा परत पाठवावी. थोरलीला हे दुकानाला दार न लावण्यासारखं वाटलं. पण हे दुकान धाकटीचं होतं, म्हणून ती काही बोलली नाही.

आणि लोक खरंच आले. बंद पडलेल्या कंपनीची यंत्रं जगभर पसरलेली होती, आणि ती घेऊन बसलेल्या लोकांना ‘टाका’ म्हणजे देवच भेटल्यासारखं झालं. सुरुवातीला धाकटीला फार छान वाटायचं. कुणी आभाराचं लिहायचं, कुणी एखादी चूक दुरुस्त करून पाठवायचं. मग तक्रारी वाढल्या. “चालत नाही.” “मदत!!!” एकाने तर एक अक्षरही न लिहिता नुसता भोक पडलेल्या बनियनचा फोटो पाठवला होता.

धाकटी दिवसभर नोकरी करून संध्याकाळी ‘टाका’च्या इंटरनेटवरच्या पानावर बसायची आणि एकेकाला विचारायची, यंत्र कुठलं, आवृत्ती कुठली, कापड कोणतं, फाइल पाठवता का. तीन दिवसांनी उत्तर यायचं, “आता चालतंय, धन्यवाद.” काय बिघडलं होतं आणि कशाने सुधारलं, याचा पत्ता नाही. कोड पाठवणाऱ्यांची आणखी वेगळी तऱ्हा. एका ओळीची दुरुस्ती करायची आणि जाता जाता बाकीच्या पाचशे ओळी आपल्याला आवडतात तशा सजवून द्यायच्या. त्यात ती एक ओळ शोधता शोधता धाकटीचा जीव मेटाकुटीला यायचा.

शेवटी तिने टेम्प्लेट केलं, म्हणजे ठरावीक प्रश्नांचा फॉर्म. तक्रार करायला गेलं की आता समोर कोरी चौकट न येता प्रश्न येऊ लागले. यंत्राचं मॉडेल. ‘टाका’ची आवृत्ती. कापड. धाग्याचा प्रकार. तुम्ही काय केलंत, तुम्हाला काय अपेक्षित होतं, प्रत्यक्षात काय झालं, कधीपासून. असे चौदा प्रश्न. कोड पाठवणाऱ्यांसाठी वेगळ्या चौकटी होत्या, त्यांवर खुणा करायच्या: मी हे स्वतः चालवून पाहिलंय, मी एकाच गोष्टीत बदल केलाय, वगैरे. आणि अर्धवट भरलेलं काही आलं तर ते आपोआप, अगदी नम्र शब्दांत, बंद होईल अशीही सोय तिने करून ठेवली.

थोरलीने ते सगळं चष्मा लावून वाचलं.

“सासूबाईंनी तुला सून करून घेताना एवढं विचारलं नव्हतं,” ती म्हणाली.

“म्हणूनच त्यांना नंतर त्रास झाला, ताई.”

पुढचे काही आठवडे सोन्यासारखे गेले. तक्रारी निम्म्याहून कमी झाल्या. ज्या आल्या त्या नीट भरलेल्या. धाकटी संध्याकाळी फिरायला जाऊ लागली. एकदा जेवताना ती नवऱ्याला म्हणाली, “बघ, किती शांत झालंय.”

तिचा नवरा हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायचा. तो म्हणाला, “बरं वाटतंय म्हणून शांत, की शुद्ध हरपलीय म्हणून शांत?”

“काहीतरीच काय?”

“काहीतरीच नाही. लांबून दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून तर आम्ही पेशंटला मशिनं लावून बसतो.”

तो गमतीनेच बोलला होता, पण धाकटीचा घास हातात राहिला. प्रोग्राम सुधारला होता, की लोक बोलायचे थांबले होते? दोन्हींमध्ये तक्रारींचा आकडा खालीच जाणार. कुठून कळणार कुठलं ते?

तिच्या मनात ती रुखरुख राहिली. आणि त्याच सुमारास थोरलीने विचारलं, “अगं, तुझा तो टोपीवाला कुठे गेला?”

टोपीवाला म्हणजे दूर कुठेतरी टोप्यांवर भरतकाम करणारा एक माणूस. त्याचं खरं नाव दोघींनाही माहीत नव्हतं. त्याची तक्रार म्हणजे पत्रच असायचं. आज दुकानात मांजर यंत्रावर झोपलं होतं, ते उठेपर्यंत थांबावं लागलं, मग भाची आली, तिने चहा सांडला, आणि मग मधेच कुठेतरी तिसऱ्या परिच्छेदात खरी चूक सांगितलेली. कधी कधी तो स्वतःच कोडमध्ये एखादी दुरुस्ती करून पाठवायचा. त्यातली निम्मी चुकीची असायची, पण निम्मी बरोबर. थोरलीला त्याची पत्रं आवडायची. काम संपलं की ती वर येऊन विचारायची, मांजराचं काय झालं.

धाकटीने शोधून पाहिलं. टेम्प्लेट लावल्यापासून त्याचं एकही पत्र नव्हतं. एक दुरुस्ती मात्र आलेली होती, खुणा न केल्यामुळे आपोआप बंद झालेली. तिने ती पाहिलीसुद्धा नव्हती.

“हाकललंस त्याला,” थोरली म्हणाली.

“मी नाही हाकललं. त्याने चौकटींवर खुणा करायला हव्या होत्या. चार टिचक्या मारायच्या, ताई!”

“मग त्याने का नाही मारल्या?”

धाकटी जराशी चिडली, कुणावर ते तिलाच कळलं नाही.

त्यानंतर थोरलीच्याच कामात घोळ झाला. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचे डगले आले होते, पाठीवर मोठी अक्षरं भरायची होती. अक्षराच्या टोकदार कोपऱ्यावर यंत्र आलं की एकाच जागी टाक्यावर टाका पडायचा, धाग्याचं गाठोडं व्हायचं आणि कट्कन सुई मोडायची. थोरलीने सुई बदलली, धागा बदलला, ताण सैल केला. पुन्हा तेच. ती तरातरा वर आली. धाकटी कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती. तिने हेडफोन एका कानावरून बाजूला केला.

“ताई, आत्ता नको ना. ‘टाका’च्या पानावर तक्रार टाका, मी संध्याकाळी बघते.”

“टाकाची तक्रार टाकावर टाकू?”

“हो, टाका.”

थोरली खाली गेली आणि तिने खरोखर तो फॉर्म उघडला. यंत्राचं मॉडेल: तेच, खालचं. आवृत्ती: माहीत नाही. तुम्ही काय केलंत: काम. तुम्हाला काय अपेक्षित होतं: नीट होईल असं. प्रत्यक्षात काय झालं: नीट झालं नाही. कधीपासून: माहीत नाही. बाकीचे रकाने तिने कोरेच सोडले आणि पाठवून दिलं. उत्तर क्षणात आलं. “आपल्या सहभागाबद्दल मनःपूर्वक आभार. आवश्यक माहिती अपुरी असल्याने ही तक्रार बंद करण्यात येत आहे.”

संध्याकाळी धाकटीचा नवरा कामावरून आला तेव्हा थोरली दुकानाच्या पायरीवरच उभी होती.

“भावोजी, तुमच्या बायकोने आज माझे मनःपूर्वक आभार मानून मला घालवून दिलं.”

त्याला काही कळेना. त्याने वर जाऊन विचारलं. धाकटीने पान उघडलं, ते ‘तेच, खालचं’ वाचलं आणि आधी तिला हसू आलं, मग घाम फुटला. ती जिन्याकडे गेली आणि अर्ध्यातून परत आली. काय सांगायचं खाली जाऊन? फॉर्म नीट भरला नव्हता हे तर खरंच होतं. थोरलीशिवाय दुसऱ्या कुणी हे पाठवलं असतं तर तिला काहीच वाटलं नसतं. मग आता का वाटत होतं? आणि दुसऱ्या कुणाबद्दलही तसंच वाटायला नको होतं का?

दोन दिवस दोघींमध्ये नवराच निरोप्या झाला. “वहिनी विचारतायत, इस्त्री परत देतेस का.” “त्यांना सांग, जिन्यात ठेवलीय.” सुट्टीची सकाळ उजाडली तेव्हा तो दोघींच्या निरोपांना वैतागून म्हणाला, “तुम्ही दोघी एकदा समोरासमोर भांडून मोकळ्या व्हा बघू.”

धाकटी खाली गेली. थोरली यंत्र हाताने फिरवत एकेक कोपरा हळूहळू पार करत होती. मान वर न करता म्हणाली, “फॉर्म भरून आलीस का?”

“ताई, चुकलं माझं. दाखवा ना.”

थोरलीने दाखवलं. कोपरा, गाठोडं, कट्. धाकटी स्टूल ओढून शेजारी बसली.

“कधीपासून होतंय?”

“माहीत नाही म्हणून लिहिलं की मी.”

“बरं. हीच अक्षरं याआधी कधी भरली होती?”

थोरलीने हात थांबवला. “भरली होती की. त्या पोहण्याच्या क्लबच्या टॉवेलांवर. तेव्हा काही झालं नव्हतं. उलट कोपरे इतके सुबक आले होते, त्या बाईंनी पुन्हा काम दिलं.”

“तेव्हा ‘टाका’ची आवृत्ती कुठली होती?”

“ते मला काय विचारतेस? तेव्हा तुझी बटणं निळी होती.”

धाकटी ताडकन उठली. ‘टाका’च्या पडद्यावरची बटणं तिने वसंतात हिरवी केली होती, आणि त्याच आवृत्तीत कोपऱ्यावरचे अगदी छोटे टाके गाळून टाकणारा एक भाग नव्याने लिहिला होता. ती वर धावली. तासाभरात चूक सापडली. मोजमापाचं एक एकक बदललं होतं, त्यामुळे छोटे टाके गळायचे थांबले होते. दुपारी थोरलीच्या यंत्राने तोच कोपरा सुरळीत पार केला आणि ती म्हणाली, “आलं बाई एकदाचं.”

धाकटीला आनंद झाला, पण डोक्यात चक्र फिरू लागलं. फॉर्ममध्ये तिने ‘कधीपासून’ हाच प्रश्न विचारला होता. उत्तर ‘माहीत नाही’ असं होतं. स्टुलावर बसून जवळजवळ तोच प्रश्न विचारला आणि उत्तर आलं. म्हणजे प्रश्न बरोबर होता. मग फॉर्मचं काय चुकलं?

ती जुन्या तक्रारी चाळत बसली, आणि तिथे आणखी एक धक्का होता. महिन्यापूर्वी एका अनोळखी माणसाने हीच चूक कळवली होती. चौदाच्या चौदा प्रश्नांची उत्तरं, आवृत्तीचा क्रमांक, फाइल, फोटो. कुठे बोट ठेवायला जागा नाही. तिने ती वाचलीही होती. सगळं जागच्या जागी आहे, सवडीने बघू, असं म्हणून बाजूला ठेवली होती. ओरडणाऱ्यांकडे धावत जायची सवय झालेल्या माणसाच्या हातून नीटनेटकी तक्रार तशीच पडून राहिली होती.

“म्हणजे फॉर्म चांगला होता आणि मी वाईट?” तिने नवऱ्याला विचारलं.

तो कपडे वाळत घालत होता. “आमच्याकडे प्रत्येक ऑपरेशनच्या आधी यादी वाचतात. ती यादी नसती तर मला झोप लागली नसती. आणि कधी कधी असंही होतं, की यादीकडे बघता बघता पेशंटच्या तोंडाकडे बघायचं राहून जातं.”

“मग यादी ठेवायची की काढायची?”

“यादी मी नाही गं बनवत. मी फक्त तिच्यातल्या एकेका ओळीला हो म्हणतो.”

तिने टोपीवाल्याला लिहिलं. तुमची दुरुस्ती आपोआप बंद झाली, त्याबद्दल माफी, आमच्या फॉर्ममुळे तुम्ही दुखावलात का? उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा दोघींनी ते दुकानातच उभ्या उभ्या वाचलं. थोरलीने मोठ्याने वाचलं आणि धाकटी ऐकत राहिली.

तो म्हणत होता, दुखावलो वगैरे नाही. फॉर्म फार चांगला आहे. मी तो चारदा भरायला घेतला. ‘तुम्ही काय केलंत’ हे नीट लिहायला लागलो की माझीच चूक माझ्या लक्षात यायची, आणि पाठवायचं कारणच उरायचं नाही. तुमच्या फॉर्मने मला शहाणं केलं. मात्र मांजराबद्दल कुठे लिहायचं ते त्यात नव्हतं. आणि नुसतं मांजराबद्दल लिहायला बरं दिसलं नसतं.

थोरलीने कागद खाली ठेवावा तसा फोन खाली ठेवला. “बघ. म्हटलं नव्हतं मी?”

“काय म्हटलं होतंत, ताई? तो तर म्हणतोय फॉर्म चांगला आहे!”

“हो, पण तो गेला ना.”

“त्याच्या चार चुकांना उत्तर देण्यात माझ्या चार संध्याकाळी गेल्या असत्या. त्या वाचल्या.”

“वाचल्या, मग हिरमुसली का झालीस?”

त्या रविवारी धाकटीने टेम्प्लेट काढून टाकलं. पुन्हा कोरी चौकट.

आठवड्यात पूर लोटला. “चालत नाही.” “मदत!!!” आणि त्यांच्या जोडीला लांबलचक, गुळगुळीत तक्रारी, ज्या कुणी तरी एआयकडून लिहून घेतल्या होत्या आणि ज्यांतली चूक अस्तित्वातच नव्हती. टेम्प्लेट असतं तरी असल्या तक्रारी सगळे रकाने भरून आल्याच असत्या, हेही तिला दिसत होतं. पण तिला बुचकळ्यात टाकलं ते एका वेगळ्याच पत्राने. एका मुलीने लिहिलं होतं, तुमचा फॉर्म कुठे गेला? मी याआधी कधीच कुठल्या प्रकल्पाला काही पाठवलं नव्हतं. भीती वाटायची. फॉर्म होता तेव्हा काय लिहायचं ते कळायचं, एकेक प्रश्न ओलांडत शेवटापर्यंत पोचता यायचं. आता कोऱ्या चौकटीसमोर हात चालत नाही.

धाकटीने ते दोनदा वाचलं. जो दरवाजा तिला टोपीवाल्याच्या तोंडावर बंद झालेला वाटत होता, तोच या मुलीला आत घेऊन आला होता. ती खुर्चीत मागे रेलून म्हणाली, “मी हे सगळं बंदच करते. ज्याला हवं त्याने घ्यावं आणि आपलं आपण बघावं.”

“असं कसं बंद करशील?” थोरली म्हणाली. “दे इकडे. मी बोलते लोकांशी. दुपारी काम कमीच असतं.”

आणि ती बसली. धाकटीला वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. पण थोरली रमली. ती एकेकाला लिहायची, काय भरत होता, कुणासाठी, कापड हाताला कसं लागतं, याआधी जमलं होतं का. लोक सांगायचे. बनियनचा फोटो पाठवणारा माणूससुद्धा बोलता झाला. टोपीवाला परत आला, मांजराला पिल्लं झाल्याची बातमी घेऊन. थोरली सगळं ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी जिन्यातून हाक मारून चार ओळींत धाकटीला सांगायची. धाकटी चुका दुरुस्त करायची. इतकं सुरळीत याआधी कधीच चाललं नव्हतं.

मग एका दुपारी थोरली वर आली आणि कॉटवर बसकण मारून म्हणाली, “अगं, तेच ते प्रश्न रोज पंचवीस जणांना विचारून माझा जीव गेला. हे कुठेतरी आधीच लिहून ठेवता येईल का? म्हणजे लोक येतानाच सांगून येतील.”

धाकटीने तिच्याकडे पाहिलं. थोरलीच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खरंच दमली होती ती.

“ताई, यालाच टेम्प्लेट म्हणतात.”

“त्याला काहीही म्हण. तुझ्यासारखं नको. चारच प्रश्न. आणि खाली मोकळी जागा, ज्याला जे बोलायचं ते बोलू दे. आणि ते आपोआप बंद करणारं भूत नको.”

तसं केलं. काय भरत होता, कशावर, याआधी कधी जमलं होतं, आणि आत्ता समोर काय दिसतंय. खाली मोकळी जागा. ज्यांना प्रश्न नको असतील त्यांच्यासाठी कोरी चौकटही शेजारी ठेवली. भित्र्या मुलीने पहिल्याच दिवशी प्रश्न भरून एक दुरुस्ती पाठवली. टोपीवाला कोऱ्या चौकटीतून आला. पण पुढच्या आठवड्यात त्याने प्रश्न भरले आणि त्या मुलीने मोकळं पत्र लिहिलं, तेव्हा धाकटीने अंदाज बांधणं सोडून दिलं.

तक्रारी पुन्हा कमी झाल्या आहेत. प्रश्न चांगले आहेत म्हणून, थोरली चांगली आहे म्हणून, की कोपऱ्याची चूक दुरुस्त झाली म्हणून, ते सांगता येत नाही. मध्यंतरी दुसऱ्या एका प्रकल्पाच्या माणसाने धाकटीला कळवळून विचारलं, टेम्प्लेट लावू का, तुमचा अनुभव काय? तिने उत्तर लिहायला घेतलं. पहिल्या परिच्छेदात ‘जरूर लावा’ असं आलं, दुसऱ्यात ‘लावू नका’. तिने दोन्ही खोडलं आणि जे घडलं ते सगळं लिहून पाठवलं. त्याने आभार मानले आणि विचारलं, “मग लावू ना?”

काल थोरली म्हणाली, पाचवा प्रश्न घालायचाय, धाग्याचा रंग कोणता.

“रंगाचा चुकीशी काय संबंध, ताई?”

“संबंध नाही. मला कळलं की बरं वाटतं. लोकांनाही सांगायला आवडतं.”

“म्हणजे चार लोक कंटाळून परत जातील.”

“जातील किंवा चार जास्त बोलतील.”

खाली दुकानात कुणीतरी हाक मारत होतं. थोरली “आले, आले” म्हणत जिना उतरून गेली. मग धाकटीने प्रश्न घातला, आणि उत्तर देणं सक्तीचं ठेवलं नाही.